कागद हवाच

सुरतेच्या रिंगरोडवरच्या कापडबाजारात मी मेहताजी म्हणून आयुष्य काढलं. मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं. वडील भुसावळ-सुरत पॅसेंजरने आले, लिंबायतमध्ये खोली घेतली आणि आम्ही सुरतेचेच झालो. जमाखर्च, उधारीच्या याद्या, दलालांचे हिशेब, मार्चअखेरची धावपळ यांत दिवस गेले. आता कामातून मोकळा झालोय, तर बाजारात ज्या मतासाठी मी ओळखला जायचो ते मत आता माझं राहिलेलं नाही, हे एकदा लिहून टाकतो.

ते मत असं होतं: धंदा शब्दावर चालतो, कायद्यावर नाही. बिल, करार, नोटीस, कोर्ट ही सगळी ज्यांची पत नाही त्यांची साधनं. हे मत मी नुसतं बाळगत नव्हतो, ऐकवतही होतो. लग्नकार्याला गावी गेलो की कोणी ना कोणी माझ्या तावडीत सापडायचं.

मराठी माणसाला सुरत दोन गोष्टींसाठी माहीत असते. एक, महाराजांनी लुटलेली, दुसरी, साड्यांची. मी तिथूनच सुरुवात करायचो. 1664च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली तेव्हा वीरजी व्होराची कोठीही सुटली नाही. हा वीरजी ईस्ट इंडिया कंपनीला व्याजाने पैसे देणारा सावकार. आग्रा, बुऱ्हाणपूर, कालिकत अशा ठिकाणी त्याची माणसं बसलेली. इंग्रज वखारवाले सुरतेत त्याच्याकडे रक्कम भरत आणि त्याच्या हुंडीवर आग्र्याला उचलत. वाटेत चोर-दरोडेखोर असोत की फौजा, पैसा हलायचाच नाही. हलायचा फक्त कागद. 1669मध्ये काझीच्या जाचाला कंटाळून हजारो वाणी भीमजी पारेखच्या पुढारपणाखाली सुरत सोडून भडोचला जाऊन बसले, तर शहराचा व्यवहार ठप्प झाला. शेवटी औरंगजेबाकडून आश्वासन आलं तेव्हा कुठे ते परतले.

आणि पानिपत! नानासाहेब पेशव्यांना पराभवाची खबर लागली ती स्वतःच्या हेरांकडून नाही, सावकारी डाकेच्या जासुदाकडे सापडलेल्या पत्रातून. सावकारांची डाक दरबाराच्या पुढे धावत होती. हे सांगून झालं की मी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचो.

त्याच इतिहासातला एक भाग मात्र मी गाळायचो. मार्च 1775मध्ये राघोबादादांनी इंग्रजांशी तह केला तो सुरतेचाच. त्यातून जे पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं, त्यात मुंबईकर इंग्रजांची तिजोरी रिकामी असायची. बंगालमधून त्यांना मदत यायची, आणि ती पोचवण्यात मोठा हात होता सुरतेच्या सराफांच्या हुंड्यांचा. त्रवाडी अर्जुनजी नाथजी हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. पुण्याविरुद्ध लढणाऱ्या शिपायांचा पगार सुरतेच्या पतीवर भागत होता. सराफांनी त्यात काही विश्वासघात केला असं नाही. ज्याचं खातं चोख, त्याची हुंडी ते सकारत. पण बाजाराच्या शब्दाला मी जो नैतिक मुलामा देत होतो, तो या हकिगतीत टिकत नव्हता. म्हणून ती सांगायची नाही.

हुंडीच्या कारागिरीचं कौतुक मला आजही आहे. दाखवताच पैसे द्यायची ती दर्शनी, ठरल्या दिवशी द्यायची ती मुदती. जोखमी हुंडीत तर उधारी आणि विमा एकाच कागदात: माल सुखरूप पोचला तरच पैसे, जहाज बुडालं तर हुंडीही बुडाली. रकमेत कोणी खाडाखोड करू नये म्हणून रक्कम आकड्यात लिहायची, अक्षरात लिहायची, वर तिची निमी रक्कम लिहून 'तिची दुप्पट पुरी' असंही नोंदवायचं. हजाराचे दहा हजार करायचे, तर पाचशेचेही पाच हजार करावे लागणार. हुंडी हरवली तर पेठ काढायची, पेठही हरवली तर परपेठ. चुकती झालेली हुंडी म्हणजे खोका. तो जपून ठेवायचा. माझ्या पहिल्या शेठच्या घरी अशा जुन्या खोक्यांचा एक गठ्ठा होता, तो बघताना मी हरखून जायचो.

यावरून मी निष्कर्ष काढला होता की एवढी सुंदर रचना इंग्रजांच्या कायद्याने मारली. ते खरं नाही. 1881च्या परक्राम्य संलेख कायद्याने चेक, वचनचिठ्ठी आणि बिलाचे नियम घातले. पण देशी भाषांत लिहिलेल्या कागदांबाबतच्या स्थानिक रूढींना या कायद्याने बाध येणार नाही, असं त्याच्या पहिल्याच कलमात म्हटलं आहे. हुंडीला कायद्याने मुद्दाम वाट मोकळी ठेवली होती. खटला झाला तर न्यायाधीश बाजारातल्या जुन्या माणसांना बोलावून रूढी काय ते विचारत. पुढे 1937च्या सुमारास रिझर्व्ह बँकेने देशी सराफांना आपल्या व्यवस्थेत घेण्याचा प्रस्ताव मांडला. अटी अशा: बँकिंगखेरीज इतर धंदे सोडा, हिशेब तपासणीला खुले करा. सराफांना ते मानवलं नाही. मेहताजी म्हणून मला त्यांचं मन कळतं; वही उघडी करणं म्हणजे काय, हे आमच्याइतकं कोणाला ठाऊक? पण मग हुंडी मारली कोणी, या प्रश्नाचं माझं उत्तर लटकं पडलं.

माझं मत खऱ्या अर्थाने हललं ते मात्र इतिहासामुळे नाही, पंचेचाळीस दिवसांच्या नियमामुळे.

2006च्या एमएसएमई कायद्यात एक तरतूद आधीपासून होती: सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा काम घेतलं, तर लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि करार नसल्यास पंधरा दिवसांत पैसे द्यायचे. बाजारात ती कोणी मनावर घेत नव्हतं. मग आयकर कायद्यात 43-ब कलमात एक पोटकलम घातलं गेलं. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळणार नाही, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी मिळेल. 2023-24च्या हिशेबापासून ते लागू झालं आणि त्या मार्चमध्ये रिंगरोडवर एकच गदारोळ. आमच्याकडे नव्वद, एकशेवीस दिवसांची उधारी ही रीतच. ऑर्डरी थांबल्या, माल परत जाऊ लागला. काही व्यापाऱ्यांनी तर जॉबवर्कवाल्यांना उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून असलेली सरकारी नोंद, रद्द करून या, मगच काम मिळेल, असं बजावलं. मीही तावातावाने बोलत होतो: दिल्लीत बसणाऱ्यांना बाजार काय कळणार? इथे शब्द चालतो!

त्याच सुमारास एका पार्टीने उठमणं केलं. सुरतेबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: दुकानाला कुलूप, फोन बंद, शेठ गायब, याला आमच्याकडे उठमणं म्हणतात. आठवड्याभरात दलालांनी मध्यस्थी केली, घेणेकऱ्यांची बैठक बसली. आमच्या पेढीचंही घेणं होतं, म्हणून याद्या घेऊन मी हजर होतो. तीन तास घासाघीस झाली आणि रुपयाला सहा आण्यांवर तोड निघाली. ना वकील, ना नोटीस. हीच तर बाजाराची ताकद, असं मी मनात म्हणत होतो.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या एक ताई घरी आल्या. धरणगावकडच्या. घरी साड्यांना टिकल्या चिकटवण्याचं काम घेतात, शेजारच्या चार बायकांना देतात. त्यांचं काम ठेकेदारामार्फत याच पार्टीकडून यायचं. हातात शाळेची जुनी वही, तिच्यात तारखा आणि साड्यांचे नग पेन्सिलीने लिहिलेले. ना बिल, ना चलन, ना ठेकेदाराची सही. त्यांनी वही माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "भाऊ, मना पैसा बुडनात का?"

त्या बैठकीच्या यादीत ताईंचं नाव नव्हतं, ते मीच लिहिलेल्या कागदावरून मला माहीत होतं. नाव नसण्यात कोणाचा कावा नव्हता. त्यांना बाजारात कोणी ओळखतच नव्हतं. ठेकेदार म्हणाला, मलाच मिळाले नाहीत, तुम्हाला कुठून देऊ? तेही खोटं नव्हतं. आमच्या पेढीला सहा आणे मिळाले. ताईंना आणि त्या चार बायकांना काहीच नाही.

तेव्हा मला शहाजोग हुंडी आठवली. मी तिचं वर्णन शंभरदा केलं असेल, पण तिच्यातली ग्यानबाची मेख माझ्या ध्यानात आली नव्हती. ही हुंडी हातोहात फिरते, पण तिचे पैसे मिळतात फक्त शहाला, म्हणजे बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या माणसाला. कारण हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर तो शहा पकडीत असतो. त्याच्याकडून रक्कम व्याजासह परत घेता येते. बनावटगिरीवर याहून चोख बंदोबस्त सापडणार नाही. पण परगावचा, परजातीचा, फाटक्या कपड्यांचा माणूस खरी हुंडी घेऊन दुकानात गेला, तर त्याला आधी एक शहा शोधावा लागणार. अडत, नातं, महाजन, जातीतली सोयरीक, हे सगळं त्या शब्दाच्या मागे उभं होतं. शब्द मोडणाऱ्याला दुकान बंद करावं लागायचं, मुलीचं लग्न जमवणं अवघड व्हायचं. अशी जरब असेल तर शब्द पाळला जातोच. ज्याला ही जरब बसवता येत नाही, त्याला दिलेला शब्द मात्र वाऱ्यावर.

म्हणजे मी ज्याला विश्वास म्हणत होतो, ती ओळखीच्यांची आपसातली व्यवस्था होती. उत्तम व्यवस्था, पण कुंपणाच्या आतली. मी स्वतः शेठच्या पगारावर त्या कुंपणाच्या आत होतो, म्हणून मला ते दिसत नव्हतं.

तिथून पुढे बँकेचा आणि पैशांच्या देवघेवीचा कायदा मी वेगळ्या नजरेने वाचू लागलो. 1960 साली केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. पुढच्याच वर्षी ठेव विम्याचा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962पासून ठेवीदाराला दीड हजार रुपयांपर्यंत हमी मिळाली. आज ती पाच लाखांची आहे. ही हमी मिळायला बँकेच्या चेअरमनची ओळख लागत नाही. 1989पासून चेक न वटणं हा 138 कलमाखाली गुन्हा ठरला. 2007च्या देयक व निपटारा प्रणाली कायद्याने बँकाबँकांतला एकदा झालेला निपटारा अंतिम मानला. मधली एखादी बँक बुडाली तरी तो फिरवता येत नाही. त्याच पायावर 2016मध्ये यूपीआय उभं राहिलं. ज्या ताईंच्या नावाला बाजारात पत नव्हती, त्या आता मोबाइलवर कोणाकडूनही पैसे घेतात आणि देणारा त्यांना जात, गाव, शहा काही विचारत नाही.

कायद्याची बाजू घेतली म्हणून मी आंधळा झालेलो नाही. चेकच्या खटल्यांचं रडगाणं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाला 2021मध्ये ऐकावं लागलं. 2019च्या अखेरीस देशभरात असे सुमारे 35 लाख खटले पडून होते. त्या बैठकीत तीन तासांत निघालेली तोड कोर्टात निघायला किती वर्षं लागली असती, हे मला कळतं. फसवणुकीचा पैसा फिरत फिरत आपल्या खात्यात आला, तर आपला काही दोष नसताना खातं गोठतं आणि सोडवायला हेलपाटे घालावे लागतात. पंचेचाळीस दिवसांच्या नियमालाही पळवाटा निघाल्या, त्या निघताना मी समोर होतो. जुन्या बाजाराकडून कायद्याने वेग उचलावा, असं मला मनापासून वाटतं. पण वेगवान व्यवस्था निवडकांसाठी आणि संथ व्यवस्था सगळ्यांसाठी, यांतली एक निवडायची झाली तर मी आता दुसरी निवडतो.

लिंबायत, उधना, पांडेसरा, डिंडोली इथे आपली कितीतरी माणसं घरात किंवा छोट्या शेडमध्ये जॉबवर्क करतात. त्यांना माझं सांगणं एवढंच: उद्यम नोंदणी करा, ती रद्द करायला सांगणाऱ्याचं काम घेताना दहादा विचार करा. प्रत्येक खेपेला चलनावर सही घ्या, बिल द्या, पैसे खात्यात घ्या. कोणी म्हणेल, "ताई, आपल्यात कागद कशाला?" त्याला नम्रपणे सांगा की कागद हवाच. आणि तो लिहायला कोणी मिळत नसेल तर माझ्याकडे या, मी संध्याकाळी घरीच असतो.