ड्रम कुठला घ्यायचा?

दिवाळीआधी एका शनिवारी हुपरीला मामीकडे गेलो होतो. चांदीची हुपरी ती हीच. मामी पैंजणं पॉलिश करते, रिठ्याच्या पाण्यात, पितळी तारेच्या ब्रशने. बोटं बघवत नाहीत. म्हटलं, मशीन घेऊन देतो.

यूट्यूबवर शोधलं तर निम्मे व्हिडिओ अमेरिकेतल्या नेमबाजांचे! रिकामी पितळी काडतुसं पुन्हा भरण्याआधी साफ करतात म्हणे. (आपल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये पॉइंट टू-टू रायफलीने ब्राँझ आणलं, ती काडतुसं मात्र पुन्हा भरत नाहीत.) त्यांचा वाद: थरथरणाऱ्या भांड्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा, की फिरत्या ड्रममध्ये साबणपाणी आणि स्टीलच्या पिना? भुग्याची धूळ उडते. पिनांनी आतूनही लख्ख, पण नंतर धुवा, वाळवा, पिना वेचत बसा.

मी थरथरणारं मशीन ठरवलं, खरखरीत खडे घालून. मामी म्हणाली, "खडं चांदी खात्यात काय रं? शेठ मोजून देतोय, मोजून घेतोय. ग्रॅम कमी आला तर माझ्या मजुरीतनं कापतोय."

च्यायला! माझ्या एक्सेलमध्ये हा कॉलमच नव्हता. खडे धातू घासून काढतात. गुळगुळीत स्टीलच्या गोळ्या नुसत्या दाबून चमकवतात. म्हणजे फिरता ड्रम. गोळ्या स्टेनलेसच्या, नाहीतर गंज. आणि साखळ्या गुंततात, म्हणून एका वेळी थोड्याच.

पहिली खेप निघाली. मामीने चकाकी नंतर बघितली, आधी काटा. मग म्हणाली, "ब्रश टाकू नगंस हं."