जड यंत्राचं हलकं पाऊल

नागपूर जिल्ह्यातल्या कुहीच्या काळ्या वावरात आषाढातल्या सरीनंतर बैलसुद्धा नाखुशीनं उतरतो. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि अंगावर पडेल ते पाऊल धरून ठेवते. वैशाखात तीच आक्रसते, आणि अशा भेगा पडतात की कोपरापर्यंत हात आत जावा. तिचे चिकण कण आपल्या थरांच्या मधे पाणी घेतात आणि उन्हात सोडून देतात. सगळा खेळ त्याचाच. आमच्याकडचा शेतकरी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशी जमिनीची जात पूर्वापार ओळखत आला तो अनवाणी चालून. मला ती कळायला लागली एका बुटक्या, म्हाताऱ्या, चेनच्या ट्रॅक्टरवर बसल्यावर.

हा कॅटरपिलरचा डी-२. १९३८ ते १९५७ या काळात अमेरिकेत बनलेला, त्या कंपनीच्या डिझेल क्रॉलरांमधला सगळ्यात लहान. लहान म्हणजे तरी तीन टनांच्या वर. भंगारात तो दिसला तेव्हा दोन्ही बाजूंच्या चेन गंजून सलग पोलादी पट्टे झाले होते, आणि रेडिएटरच्या जाळीत साचलेल्या मातीत गवत उगवलं होतं. मी तो घेतला. त्याला रंगवून अंगणात उभा करायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. जे यंत्र काम करण्यासाठी घडवलं गेलं, त्याचा जीर्णोद्धार कामापर्यंत पोचला नाही तर तो अर्धाच राहिला असं मी मानतो.

तीन टन लोखंड ओल्या मातीत बुडत कसं नाही, हे मला पहिल्यापासून ओढून घेणारं कोडं. उत्तर सरळ गणिताचं आहे. चाकाचा ट्रॅक्टर आपलं ओझं चार लहान ठिपक्यांवर टेकवतो. हा ते दोन लांब, रुंद पट्ट्यांवर पसरतो. दर चौरस सेंटीमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी भार. बैलाचं सगळं अंग खुरांच्या एवढ्याशा जागेवर येतं, म्हणून त्याच्या खुराखाली माती जास्त दबते. हे पहिल्यांदा मांडून पाहिलं तेव्हा मी बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिलो. ज्या प्राण्याला आपण मातीचा सखा म्हणतो त्याच्याहून या लोखंडाचं पाऊल हलकं!

ही युक्ती दलदलीतून आली. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत जमिनीत वाफेचे अवजड ट्रॅक्टर रुतायचे. ते बनवणाऱ्या बेंजामिन होल्टनं आधी चाकं रुंद करून पाहिली. एक यंत्र तर त्या नादात ४६ फूट रुंद झालं. मग त्यानं मागची चाकंच काढली आणि त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवले. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी ते यंत्र न रुतता चाललं. जमीन बदलत नाही म्हटल्यावर त्यानं पाऊल बदललं. यंत्र स्वतःपुढे रस्ता अंथरतं, त्यावरून जातं आणि मागचा रस्ता उचलून पुन्हा पुढे आणतं. दहा-बारा वर्षांत त्याच होल्टचे ट्रॅक्टर पहिल्या महायुद्धात चिखलातून तोफा ओढू लागले.

आमच्या शेजारी उमरेड. तिथल्या कोळसा खाणीत डोझरवर हयात घालवलेले एक काकाजी या कामाला लाभले, नाहीतर हा ट्रॅक्टर आजही गवत पोसत असता. त्यांनी आधी कुठल्याच बोल्टला पाना लावला नाही. सिलिंडरमध्ये तेल ओतलं, चेनच्या प्रत्येक सांध्यावर तेल सोडलं आणि घरी निघून गेले. मी घाई केली की म्हणायचे, "तेल जाते आपल्या चालीनं, बाबू. तू कायले धक्का मारतं त्याले?"

चेन उतरवली तेव्हा त्यांनी मला जे दाखवलं ते मी विसरणार नाही. चेनच्या कड्या पिन आणि बुशवर वळतात. स्प्रॉकेटवरून जाताना चेन कायम एकाच दिशेला वाकते, त्यामुळे पिन एकाच अंगानं झिजते. दुसरं अंग कोऱ्यासारखं असतं. म्हणून झिजलेली पिन फेकत नाहीत. प्रेसवर दाबून बाहेर काढतात, अर्धा फेरा फिरवतात आणि परत बसवतात. खाणीतल्या भाषेत पिन-बुश टर्न करणं. त्या एका अर्ध्या फेऱ्यानं चेनला दुसरा जन्म मिळतो. आमच्या चेनचं आम्ही हेच केलं. जे रोलर पार गेले होते ते लेथवर भरून घेतले, इंजेक्शन पंप नागपूरला दिला, स्टिअरिंगच्या क्लचच्या पट्ट्या गंजानं एकमेकींना चिकटल्या होत्या त्या एकेक सोडवून घासल्या. हे काम हळू चाललं, आणि ते हळू चाललं याचा मला आनंद आहे. हाताखालून गेलेला प्रत्येक भाग आता आवाजावरून ओळखू येतो.

डी-२ सुरू करणं हा एक विधीच आहे. मोठ्या डिझेल इंजिनाच्या कडेला पेट्रोलवर चालणारं दोन सिलिंडरचं छोटं इंजिन असतं. आधी ते सुरू करायचं. दोघांचं पाणी एकच, त्यामुळे छोटं तापलं की मोठ्याचं अंगही ऊब धरतं. थंडीच्या पहाटे आजोबांना उठवायला नातवाला पाठवावं तसं. मग मोठ्याचं कॉम्प्रेशन सोडून छोट्याच्या जोरावर त्याला नुसतं फिरवत ठेवायचं, वंगण सगळीकडे पोचेपर्यंत. तेलाचा काटा वर आला की कॉम्प्रेशन द्यायचं, डिझेल सोडायचं. पहिला काळा धूर, एक खोल ठोका, मग चार सिलिंडरांची संथ लय. पहिल्यांदा ती लय लागली तेव्हा काकाजींनी इंजिनवर पंजा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

स्टिअरिंगचं चाक नाही. दोन दांडे, पायाशी दोन ब्रेक. उजवा दांडा ओढला की उजव्या चेनची ताकद तुटते आणि यंत्र उजवीकडे वळतं. पण नाल्याकडच्या उतारावर हाच नियम उलटा होतो. तिथे इंजिन ट्रॅक्टरला ओढत नसतं, धरून ठेवत असतं. उजवा दांडा ओढला की उजवी चेन सुटते, डावीच्या पुढे धावते, आणि नाक डावीकडे वळतं. पुस्तकात वाचून हे समजतं. अंगात मुरतं ते उतारावरच. चढ-उतार आता मला डोळ्यांआधी हातांत कळतात. पहिल्या गियरमध्ये ताशी तीन किलोमीटरही वेग नाही. त्या चालीत मोरंड संपून काळी कुठे लागते ते इंजिनाचा आवाज सांगतो: ठोका जड होतो, चेनची खणखण दबते.

या भागाचा आणि चेनच्या यंत्रांचा संबंध जुना आहे. नागपूर राजधानी असलेल्या त्या वेळच्या मध्य प्रदेशात लाखो एकर जमीन कांस गवतानं गिळली होती. त्याची मुळं इतकी खोल की बैलाचा नांगर वरवर खरडून परत येई. अमेरिकी सैन्यानं युद्धानंतर मागे सोडलेले क्रॉलर घेऊन केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेनं ती नांगरायला घेतली, आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेनं अशा यंत्रांसाठी भारताला १ कोटी डॉलरचं कर्ज दिलं. ऐन उन्हाळ्यात खोल नांगरून मुळं वर काढायची, सूर्यानं ती वाळवायची. लढाईचं लोखंड जमीन मोकळी करायला आलं, याचं मला फार अप्रूप आहे.

पण चेननं इथे जमीन घेतलीही. २२ एप्रिल १९८८ला राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाची पायाभरणी केली; अशाच यंत्रांच्या बळावर ते उभं राहिलं आणि वैनगंगेच्या फुगवट्यात कुही तालुक्यातली गावं, बांध्या, आंबराया गेल्या. आंभोऱ्याच्या टेकडीवरून ते पाणी दिसतं. सिंचन झालं हे खरं, आणि पुनर्वसनाच्या वसाहतीत बसून आपल्या बुडालेल्या वावराचा धुरा बोटानं हवेत काढून दाखवणारी माणसं आहेत हेही खरं. अवजड यंत्र हलक्या पायानं चालतं, पण ते कुठे न्यायचं हे दांड्यावरचा हातच ठरवतो. म्हणून माझ्या यंत्राला मी एकच काम लावलं आहे: जी जमीन उरली ती सांभाळायचं.

मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्याची धानाची बांधी सपाट करून दिली. त्याच्या वरच्या कोपऱ्यात पाणी ठरत नव्हतं, खालच्यात पऱ्हं कुजत होतं. चाकाचा ट्रॅक्टर वारंवार फिरला की नांगराच्या तळाखाली कठीण थर बसतो, तो त्याला नको होता. रोवणीच्या दिवसांत तो बांधीत शिरला आणि कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहून पाणी किती चढलं ते पोटरीवर मोजत गेला. चारी कोपऱ्यांत सारखं. यंदा त्याच्या भावाची बांधी आहे. त्याआधी डाव्या चेनला ताण द्यायचा आहे; काकाजींनी परवा कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ढिली झाली बाबू, उतारावर उतरंल." आयडलर थोडा पुढे सरकवावा लागेल, आणि एक रोलर तेल गाळतोय, तोही उघडू.