चाळा कीं व्याधि?

माझ्या शिक्षकपेशाच्या काळांत मान झटकणारीं, डोळे मिचकावणारीं, विनाकारण खांकरणारीं मुलें मीं पुष्कळ पाहिलीं. घरीं व शाळेंत या गोष्टीस नांव एकच, ‘चाळा’. आणि उपायही एकच, दटावणी. वस्तुतः ही मज्जासंस्थेची व्याधि होय. शिंक जशी क्षणभर आवरतां येते, पण अखेर येतेच, तशीच ही हालचाल. मूल ती थोडा वेळ दाबूं शकतें. एवढ्यावरूनच तें मुद्दाम करतें असें वडील मंडळी ठरवितात.

जिल द ला तूरेत या फ्रेंच वैद्यानें १८८५ सालीं नऊ रुग्ण पाहून या व्याधीचें वर्णन केलें. तरीही आमच्या तालुक्याच्या गांवीं डोळे मिचकावतो म्हणून मुलास नेत्रवैद्याकडे नेतात, खांकरतो म्हणून घशाच्या डॉक्टरांकडे. दोन्ही लक्षणें एकाच व्याधीचीं, हें जुळवून पाहणारा कोणी भेटत नाहीं. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालीं सुरू झाला. त्याच्या विकारांच्या यादींत या व्याधीचें स्वतंत्र नांव नाहीं. औषधावांचून, सरावानें आंचका आवरण्यास शिकविणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांत, व तेथेंही मोजकेच.

ते आपल्या गांवीं येतील तेव्हां येवोत. तोंवर सर्व लक्षणें, तीं केव्हांपासून दिसतात हें, कागदावर टिपून एकाच बालरोगतज्ज्ञापुढें ठेवावीं. बहुतेकांचे आंचके तारुण्यांत पुष्कळ उतरतात, हा दिलासा मुलास द्यावा. आणि वर्गांत त्यास टोकूं नये. टोकल्यानें मनावर ताण येतो, व ताणानें आंचके वाढतात. एवढें करण्यास तज्ज्ञ लागत नाहीं.