जाऊबाईंची गोळी आणि माझी गोळी



दोन वर्षांपूर्वी माझी झोप उडाली. पहाटे ३ला जाग यायची, स्वयंपाकात लक्ष लागेना, मंदिरात उभी राहिले तरी मन कोरडंच. कुणी म्हणालं, "हे आर्तध्यान आहे, स्वाध्याय वाढव." वाढवला. रडूही वाढलं. शेवटी सूनबाई मला घाटकोपरमधल्याच मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी सर्ट्रालिन ५० मिलिग्रॅम दिली.

त्याच सुमारास सांगलीला माझ्या जाऊबाईंना एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू झाली. मी बी.कॉम., आकडेच आधी दिसले. म्हणजे मला पाचपट भारी औषध! डॉक्टर म्हणाले, "दोन औषधांचे मिलिग्रॅम असे ताडायचे नसतात. दोन्ही साधारण सारख्याच ताकदीचे डोस आहेत."

दोन्ही गोळ्या मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करतात. गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. फरक आहे तो त्रासात. सर्ट्रालिनने पोट जास्त बिघडतं, मला पहिला आठवडा जुलाब झाले. एस्सिटालोप्रामचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून जाऊबाईंचा ईसीजी काढला. आपल्या वयात दोन्हींनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून आम्हा दोघींचीही रक्ततपासणी झाली.

चूक मी केली ती दशलक्षण पर्वात. एकाशन होतं. बीपीची गोळी जेवणाबरोबर घेत होते, ही मात्र सोडली. धर्माच्या दहा दिवसांत मनाला गोळीचा आधार कशाला, असं वाटलं. चौथ्या दिवशी चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, आणि पुन्हा ते रडू. सूनबाईने डॉक्टरांना फोन केला. ही औषधं एकदम थांबवत नाहीत, हळूहळू कमी करतात, तेही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. आता दोन्ही गोळ्या सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाबरोबर घेते. व्रतही सांभाळलं जातं.

आणखी एक. फ्लुऑक्सेटिन लिहून दिली तर तिची कॅप्सूल बहुधा जिलेटिनची असते. ती नको असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, दुसरा पर्याय विचारा. परस्पर बंद करू नका, आणि मैत्रिणीची गोळीही मागू नका.

डॉक्टरांकडे जायचा धीर होत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो.

बीपीची गोळी घेताना आपण कुणापासून लपवत नाही. मीही माझी डबी आता फ्रिजवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवते.