असामी

तालुका कचेरीत अव्वल कारकून म्हणून उभी हयात घालवलेल्या अण्णांना घरच्या माणसांनाही दाव्यातील पक्षकारांप्रमाणे संबोधण्याची सवय होती. त्यामुळे दादाच्या मुलीने वसई स्थानकाजवळच्या दुकानातून ‘शार्क’ म्हणून आणलेला तो रुपेरी, बोटभर मासा आमच्या घरी ‘असामी’ या नावाने दाखल झाला. सकाळी चहाचा पेला हाती धरून अण्णा काचेसमोर उभे राहत आणि ‘‘बोला असामी, काय तक्रार आहे?’’ असे गंभीरपणे विचारीत.

शार्क तो नव्हेच. मेकाँग आणि चाओ फ्राया या आग्नेय आशियातील महानद्यांचा तो पंगस. आपल्या नदीत तो चार फुटांहून लांब आणि चाळीस किलोंहून जड होऊ शकतो, आणि काटे काढून ‘बासा’ म्हणून जो विकला जातो तोही बहुधा हाच. असामी वाढू लागला तशी पेटी बदलली, मग दिवाण ओटीवर गेला, मग आईचे शिवणयंत्र स्वयंपाकघरात गेले. बांधाच्या तंट्यात वीतभर जमीन कधी न सोडलेल्या अण्णांनी या मुक्या जीवासाठी निम्मी बैठकीची खोली खुशीने सोडली. दुकानदार एवढा मासा परत घेण्यास तयार नव्हता.

‘‘मागच्या बावखलात सोडून द्या,’’ दादा म्हणे. वाडीच्या शिंपणासाठी पूर्वजांनी खोदलेले, पावसाचे गोडे पाणी धरून भूमीत मुरवणारे ते बावखल बुजवून वाडी बिल्डरला द्यावी, असा त्याचा आग्रह होता आणि त्यावरून बापलेकांचे बोलणे तुटले होते. अण्णा उत्तर देत ते दादाकडे न पाहता, आईला उद्देशून : ‘‘त्या पाण्यात मरळ आहेत, कासवे आहेत. त्यांची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. परक्याला त्यांच्या हद्दीत शिरण्याचा परवाना मी देणार नाही.’’ परदेशी मांगुराने देशी माशांचा केलेला संहार आणि त्यामुळे 2000 साली सरकारने त्याच्या पैदाशीवर घातलेली बंदी त्यांना ठाऊक होती.

जुलै 2018 मधील तो पाऊस वसईकर विसरणार नाहीत. लोहमार्ग बुडाले, मिठागरांवर माणसे अडकली, वीज खंडित झाली. आमच्या उंबऱ्याला पाणी लागले तेव्हा रात्र झाली होती आणि हवेचा पंप केव्हाच बंद पडला होता. श्वासाची चिंता नव्हती, कारण पृष्ठभागावर येऊन हवा गिळण्याची सोय या जातीला निसर्गानेच दिली आहे. चिंता होती ती त्याच्या भित्रेपणाची. सावली हलली तरी तो दिशा न पाहता देह झोकून देई, आणि त्या रात्री तर विजा चमकत होत्या. दोन धडकांत त्याचे नाकाड रक्ताळले. तेव्हा अण्णांनी आईचे जुने लुगडे काचेवर पसरले आणि एक टोक स्वतः धरले. दुसरे टोक कोणी न सांगता दादाने धरले.

बऱ्याच वेळाने दादा म्हणाला, ‘‘अण्णा, बावखल आणि रस्ता एक झाला आहे. दार उघडले तर हा आपण होऊन जाईल.’’

अण्णांनी मान हलवली. ‘‘तू टोक सोडू नकोस,’’ एवढेच ते म्हणाले. पण ते दादाला म्हणाले.

मासा बिचकू नये म्हणून घरात सारे कुजबुजत होते, आणि ज्या विषयावर दोघांचा आवाज चढल्यावाचून राहत नसे तो विषय त्या रात्री कुजबुजीतच निघाला. आजोबांचा रहाट कोठे होता, आळीतील कोणकोणती बावखले भरून त्यांवर इमारती उठल्या, पूर्वी असा पाऊस झाला की पाणी कोणत्या वाटेने जाई, हे अण्णा जमाबंदीचा कागद वाचावा तसे क्रमाने सांगत राहिले. दादा ऐकत होता. उजाडेपर्यंत दोघांपैकी कोणीही टोक सोडले नाही, आणि आई भिंतीला टेकून जागी होती.

असामी त्यानंतरही काही वर्षे जगला. शेवटी त्याला वळता येईना. पाठीला बाक आला आणि एके दिवशी तो निपचित पडला. राजेळी केळीच्या बुंध्याशी खड्डा दादाने खणला. अण्णांनी त्या दिवशी सकाळचा चहा घेतला नाही. ज्या माणसाला मी तोवर कठोर समजत आलो होतो, त्याची माया मला त्या उपाशी सकाळी कळली.

बावखल आजही तसेच आहे. ते बुजवण्याची गोष्ट दादाने त्या पावसाळ्यानंतर काढलेली नाही.

पुतणी विचारते, सोडला असता तर असामी जगला असता ना? जगला असता, कदाचित. आणि बावखलातले मरळ त्याची किंमत भरत राहिले असते. म्हणून तिला आणि तिच्या वयाच्या सर्व मुलांच्या वडीलधाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे : दुकानातील बोटभर मासा पूर्ण वाढून किती होतो हे आधी विचारा, आणि त्याला पुरेल एवढे पाणी घरात नसेल तर तो आणू नका.