सिरॅमिकच्या कॅपला बळ मिळतं ते आतून

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सोमवारी सकाळी एक काका रुमालात कॅपचे दोन तुकडे गुंडाळून आले. "डॉक्टर, मटण खाताना फुटली बघा. चांगल्यातली घाला म्हटलं होतं की तुम्हाला!"

कोल्हापुरात रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यानंतर सोमवारी दातांचे पेशंट येतात, त्यात नवल नाही. पण ही कॅप मीच बसवली होती, आणि सिरॅमिक खरोखर चांगल्यातलंच होतं. चूक माझी होती. बसवायच्या दिवशी काकांना गावाकडची एसटी गाठायची होती. मीही घाई केली आणि साध्या सिमेंटवर काम भागवलं.

त्यानं काय बिघडलं? दातासारखं दिसणारं सिरॅमिक हा काचेचाच भाऊबंद. ते दाब भरपूर सोसतं, ताण मात्र सोसत नाही. तुम्ही चावता तेव्हा कॅप वरून दाबली जाते, पण आतल्या बाजूला ती किंचित वाकते आणि तिथं ताण येतो. त्या आतल्या पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा असतात. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1920च्या सुमाराला दाखवून दिलं, की काच फुटते ती अशाच चिरांपासून. म्हणजे तडा आतून सुरू होतो. तुम्हाला दिसतो तो शेवटी.

इथं रेझिन कामाला येतं. बसवण्याआधी कॅपची आतली बाजू हायड्रोफ्लोरिक ॲसिडने खरखरीत करतात. हे तोंडाबाहेर होतं आणि ॲसिड पूर्ण धुऊन टाकतात, तेव्हा घाबरू नका. मग सायलेन नावाचं द्रव लावतात. त्याचं एक टोक सिरॅमिकला धरतं, दुसरं रेझिनला. त्यावर पातळ रेझिन फिरवलं की ते चिरांत शिरतं, आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतं. चिरा सहजासहजी उघडत नाहीत, शिवाय कॅप आणि दात मिळून भार पेलतात.

झिरकोनियाची गोष्ट वेगळी. त्यात काच जवळजवळ नसते, त्यामुळे हे ॲसिड तिथं चालत नाही. मुळात ते मजबूतही जास्त. तुमची कॅप कशाची आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

रेझिनला ओल अजिबात चालत नाही. म्हणून आम्ही तोंडात कापूस किंवा रबराचा पडदा लावून तुम्हाला ताटकळत ठेवतो. त्या दिवशी दुसरी कामं ठेवू नका. कॅप निघाली तर घरी फेविक्विकने चिकटवू नका. डबीत घालून घेऊन या. आणि रेझिन लावलं म्हणून नळी फोडायला मोकळीक मिळाली, असं मात्र नाही. तिथं अस्सल दातही हरतात.

काकांना दुसरी कॅप मी माझ्या खर्चाने करून दिली. बसवायला पाऊण तास लागला. "एवढा वेळ?" त्यांनी विचारलं. मागच्या वेळी का लागला नव्हता, तेही मग सांगावं लागलं.