नवा कारभारी

संगणकाशी माझा परिचय उतारवयातला. शाळेत असताना कचेरीतील लिपिकच ते यंत्र हाताळीत आणि मी दुरूनच त्याला मान देत असे. 2012 साली मुलाने नागपूरहून एक संगणक आणून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा पहिला आठवडा मी त्याच्याकडे केवळ पाहण्यातच घालविला. पुढे हळूहळू धीर आला. दोन बोटांनी का होईना, मी टंकू लागलो. आणि टंकण्यासारखे काहीतरी माझ्यापाशी होतेही.

आमच्या भंडारा जिल्ह्यात भाताचे पीक मोठे. माझ्या आईचे बालपण पवनीकडच्या एका खेड्यात, वैनगंगेच्या काठी गेले. पहाटे जात्यावर बसून दळताना म्हणावयाच्या ओव्या तिला शेकड्यांनी पाठ होत्या. झाडीबोलीतल्या त्या ओव्यांत तिचा भाऊ होता, माहेरची वाट होती, नदीचा पूर होता. म्हातारपणी ती दुपारी तांदूळ निवडावयास बसली की आपल्याशीच गुणगुणे. मी जवळच्या कागदाच्या पाठकोऱ्या चिठ्ठीवर ते उतरून घेई आणि रात्री संगणकावर टंकून ठेवी. टंकून झाले की चिठ्ठी फाडून टाकीत असे. काम पुरे झाल्याची ती माझी खूण होती! अशा 214 ओव्या जमल्या. 2017 साली आई गेली आणि त्या यादीला तिथेच विराम मिळाला.

आता थोडे संगणकाच्या कारभाराविषयी सांगितले पाहिजे. संगणकात कळफलक असतो, पडदा असतो, छपाईयंत्र जोडलेले असते, लिहिण्याची, चित्रे पाहण्याची, हिशेबाची अशा अनेक आज्ञावल्या असतात. या सर्वांना कामे वाटून देणारा, कोणाची पाळी केव्हा आणि कोणती वस्तू कोठे ठेवायची हे ठरविणारा एक कारभारी आत बसलेला असतो. त्याला कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. माझ्या संगणकातील कारभाऱ्याचे नाव विंडोज 7. तो 2009 साली बाजारात आला होता. त्याच्या कंपनीने आधीच जाहीर केले होते की, 14 जानेवारी 2020 नंतर त्याच्यातील दोष दुरुस्त करून मिळणार नाहीत.

याचा अर्थ त्या दिवशी यंत्र बंद पडते असे नव्हे. मृग लागण्यापूर्वी घरावरची कवेलू दरवर्षी नीट बसवून घ्यावी लागतात ना, तसेच हे आहे. फेरणारा माणूस येईनासा झाला म्हणून घर लगेच कोसळत नाही. पण एखाद्या पावसाळ्यात कोठून गळेल याचा नेम राहत नाही. संगणकाच्या बाबतीत त्या गळतीच्या वाटेने चोरही आत येतात. तेव्हा कारभारी बदलणे भाग होते.

मी संगणक उचलून दुकानात नेला. दुकानातल्या तरुणाने रीतसर विचारले, “गुरुजी, सी ड्राइव्हमधलं सगळं पुसलं जाईल. काही ठेवायचं आहे का?”

“माझे सर्व काही डी ड्राइव्हमध्ये असते,” मी मोठ्या ऐटीने म्हणालो. संगणकाच्या साठवणीचे सी आणि डी असे भाग असतात, पहिल्यात कारभारी राहतो आणि दुसऱ्यात आपण आपले सामान ठेवावे, एवढे ज्ञान मला झाले होते. अर्ध्या ज्ञानाची ऐट पूर्ण अज्ञानापेक्षा महाग पडते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

संगणक घरी आला. नवा कारभारी, विंडोज 10, मोठा देखणा होता. निवृत्तिवेतनाचे कागद, छायाचित्रे, शाळेच्या स्नेहसंमेलनांतली भाषणे, सर्व डी ड्राइव्हमध्ये जेथल्या तेथे होते. फक्त ओव्यांची फाईल कोठे दिसेना. ती मी रोज उघडीत असे, म्हणून हाताशी असावी या विचाराने अगदी दर्शनी पडद्यावर, डेस्कटॉपवर ठेविली होती. डेस्कटॉप आपल्याला सर्वांच्या पुढे दिसतो, त्यामुळे तो कोणत्या ड्राइव्हमध्ये असेल असा प्रश्नच माझ्या मनात कधी आला नव्हता. तो सी ड्राइव्हमध्येच असतो.

दोष दुकानदाराचा नव्हता. त्याने विचारले होते. नव्या कारभाऱ्याचाही नव्हता. मी स्वतः एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो, त्या आठवड्यात जुनी कपाटे साफ करविली होती. ‘अडगळ’ म्हणून जे गठ्ठे बाहेर गेले, त्यांत एका शिक्षकाने वीस वर्षे जपलेली नकाशांची गुंडाळी होती. ते काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याचा अर्थ मला इतक्या वर्षांनी कळला.

त्यानंतर सहा महिने मी संगणकाला हात लावला नाही. मग एके दिवशी कंपासपेटीत जुना पेन ड्राइव्ह सापडला. मोठ्या आशेने तो लावला. 2015 साली काढलेली एक प्रत त्यात होती आणि तिच्यात 131 ओव्या होत्या. फाईल उघडली मात्र, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिखल दिसला! ‘राम’ या शब्दाच्या जागी जे, के आणि ई अशी तीन रोमन अक्षरे. माझ्या आईचे शब्द कोणीतरी परक्या वेषात उभे केले आहेत असे मला वाटले.

याचे कारण ऐकण्यासारखे आहे. संगणक अक्षरे साठवीत नाही, आकडे साठवितो. इंग्रजीतील प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा आहे. पूर्वी मराठीसाठी ज्या फाँटचा आम्ही वापर करीत असू, त्यांत युक्ती अशी होती की आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि पडद्यावर चित्र मात्र देवनागरी अक्षराचे काढायचे. जे या अक्षराच्या जागी ‘र’चे चित्र, ई या अक्षराच्या जागी ‘म’चे. तो फाँट संगणकात असेतो सर्व ठीक. कारभारी बदलला, फाँट पुसला गेला, की मुखवटा गळून खालची रोमन अक्षरे उघडी पडतात. युनिकोड या पद्धतीत असे होत नाही. 1991 साली तिची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरीला तिच्यात स्वतःचे आकडे आहेत. ‘क’चा आकडा 2325, तो जगातील कोणत्याही संगणकावर ‘क’च राहतो.

जुन्या लेखनाचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. मी एक वापरली. पण जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागे आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा. रूपांतरात काही वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या. शिवाय त्या फाँटात अर्ध्या र-चे आपले मराठी रूप नव्हते. त्यामुळे ‘भंडाऱ्याला’ हा शब्द मी ‘भंडा’, मग आडवी रेघ आणि पुढे ‘याला’ असा टंकीत असे. त्या सर्व रेघा आता तशाच उभ्या होत्या. एकेक ओवी तपासून शुद्ध करण्यात एक उन्हाळा गेला. तरी उरलेल्या 83 ओव्या गेल्या त्या गेल्याच.

मग 2025 साल उजाडले आणि विंडोज 10ची मुदतही 14 ऑक्टोबरला संपली. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026पर्यंत, नोंदणी करून घेण्याची सोय कंपनीने ठेविली होती. परंतु मला पुन्हा शेवटच्या दिवसाची वाट पाहावयाची नव्हती. विंडोज 11ने तर माझ्या यंत्राला दारातच उभे केले: त्याला हवा तेवढा नवा प्रोसेसर आणि सुरक्षेची विशिष्ट सोय माझ्या यंत्रात नव्हती. चालते यंत्र भंगारात टाकणे माझ्या जिवावर आले. दिवाळीच्या सुटीत सातवीतली नात आली होती. तिच्या शाळेत लिनक्स शिकवितात. लिनस टॉरव्हॉल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने 1991 साली तिची सुरुवात केली. ती विनामूल्य मिळते आणि तिचे काही प्रकार जुन्या यंत्रांवरही सुखाने चालतात.

“आबाजी, आधी वही काढा,” नात म्हणाली. “डेस्कटॉपवर काय काय आहे ते लिहा.”

मी निमूटपणे वही काढली. एरवी मुलांना वही काढावयास सांगण्यात माझा जन्म गेला!

डेस्कटॉप, डाउनलोड्स, छायाचित्रे, सर्वांची यादी झाली. खात्यांची नावे आणि परवलीचे शब्द कागदावर उतरविले, कारण नवा कारभारी जुन्याच्या ओळखी जाणत नाही. मग सर्व सामानाची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी गूगल ड्राइव्हवर गेली. मी ‘झाले’ म्हणून उठणार, तोच तिने मला बसविले. तिच्या आईच्या लॅपटॉपवर त्या प्रतींतील दहाबारा फाईली उघडून पाहिल्याशिवाय तिने पुढे पाऊल टाकू दिले नाही. दोन उघडल्या नाहीत. त्या पुन्हा उतरविल्या. प्रत काढणे आणि प्रत उघडते की नाही हे पाहणे ही दोन निराळी कामे आहेत, हे मला पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर!

तिची दुसरी अट अशी की, जुन्या डिस्कला हातच लावायचा नाही. एक नवी लहानशी एसएसडी विकत आणली, तिच्यावर लिनक्स बसवायचे ठरविले आणि जुनी डिस्क काढून, कागदात गुंडाळून कपाटात ठेविली. ती आजही तेथे आहे. तथापि नव्या प्रणालीचे सर्व काही आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहिले. लिनक्स तशी चालते, डिस्कवर न बसविताही. सकाळची वेळ निवडली, यूपीएस चार्ज करून घेतला. आमच्याकडे वीज केव्हा जाईल ते सांगता येत नाही आणि प्रणाली बसत असताना मध्येच यंत्र बंद पडणे फार वाईट.

एवढी सिद्धता करूनही त्रास चुकला नाहीच. यंत्र सुरू होताच क्षणभरात एक विशिष्ट कळ दाबावी लागते, तरच ते पेन ड्राइव्हकडे पाहते. ती कळ एफ-2, की एफ-12, की आणखी कोणती, हे यंत्रायंत्रागणिक वेगळे. पाच वेळा आमचा तो क्षण हुकला आणि पाच वेळा जुनाच पडदा समोर आला. छपाईयंत्राने तर असहकार पुकारला. तीन दुपारी गेल्या, मग त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावर लिनक्ससाठीचा ड्रायव्हर सापडला. आधीच शोधून ठेवला असता तर त्या दुपारी वाचल्या असत्या. तिसऱ्या दुपारी मी चिडून कळफलक सरकविला, तेव्हा नात उठून चहा सांगावयास गेली. शहाणी मुलगी.

सुटीचे चार दिवस उरले होते. ओव्या नव्या संगणकात सुखरूप आल्या, पण 131च. नातीने विचारले, “बाकीच्या आणखी कोणाला येत नसतील?”

आईची धाकटी बहीण अजून त्या खेड्यात आहे. वय चौऱ्याऐंशी. आम्ही दोघे एसटीने गेलो. ओसरीत बसून मी मावशीपुढे मोबाईल धरला आणि म्हटले, “मावशी, आईच्या ओव्या सांग.” तिने पुष्कळ आठवून पाहिले, एकही पूर्ण येईना.

“अशी बसून नाई येत रे बापू,” ती म्हणाली. “जातं फिरलं पायजे.”

परसात कोपऱ्यात जाते पडून होते. वर्षानुवर्षे त्यात दाणा पडला नव्हता. नातीने ते धुऊन आणले, खुंटा ठोकला, आणि पणजीच्या बहिणीसमोर बसून रिकामेच फिरवू लागली. दोन-तीन फेरे नुसता दगडाचा आवाज झाला. मग मावशीचा स्वर लागला. थकलेला, पण आईचाच. एकामागून एक ओव्या येत गेल्या. त्यांतल्या सव्वीस मी ओळखल्या. त्या माझ्या हरवलेल्यांपैकी होत्या. नऊ तर मी आईच्या तोंडूनही कधी ऐकल्या नव्हत्या. हात दुखू लागले तेव्हाच मावशी थांबली.

रात्री घरी येऊन नात त्या टंकू लागली. एका ओळीत मावशीने म्हटल्याप्रमाणे तिने ‘पानी’ असे लिहिले आणि शब्दाखाली लाल वेलांटीदार रेघ उमटली.

“आबाजी, हे चुकलं का? पाणी करू?”

चौतीस वर्षे मी मुलांच्या वहीतल्या ‘पानी’ या शब्दाखाली लाल शाईने अशीच रेघ ओढीत आलो होतो. आमच्याकडची किती मुले घरचे बोलणे जसेच्या तसे वहीत लिहीत आणि किती वेळा मी ते खोडले, याची मोजदाद नाही.

“नको,” मी म्हणालो. “तेथे शब्दकोशात भर घालण्याची सोय असेल, ती पाहा.”

तिने ती शोधून दाबली. रेघ गेली. मग आम्ही त्या फाईलची एक प्रत हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर ठेविली, आणि तिसरी छापून काढावी म्हणून छपाईयंत्र सुरू केले.